अकराशे, असं ऐकलं

शनिवारची सकाळ होती. पेन्त्रेवेनच्या टेकडीवर, आईच्या भाड्याच्या घरात, लुनेड तव्यावर बेदाण्याचे केक भाजत होती. साखर जरा करपली की तो वास खालच्या गल्लीपर्यंत जायचा आणि शेजारीण काहीतरी निमित्त काढून दारात यायची. पण आज शेजारीण आली तेव्हा मैरबाईंनी, म्हणजे लुनेडच्या आईने, तिला दारातूनच वाटेला लावले. "नंतर ये गं. पोरांचं घराचं चाललंय."

टेबलावर एक कागद होता आणि त्यावर गेथिनने पेन्सिलीने तीन रकाने पाडले होते. गेथिन बस आगारात मेकॅनिक. त्याच्या हाताचे ग्रीस कधी पूर्ण जात नसे, म्हणून कागदाच्या कोपऱ्यावर त्याचा काळा अंगठा आपोआप उमटला होता. लग्नाला पाच वर्षे झाली होती, आणि दरीतल्या नव्या वसाहतीत एक छोटेसे घर त्यांनी ठरवून ठेवले होते. पहिलेच घर. आता प्रश्न होता तो खरेदीखताचे काम कोणत्या वकिलाकडे द्यायचे, एवढाच.

"पहिला इंटरनेटवरचा," गेथिन वाचू लागला. "सातशे पौंड. दुसरा बिल्डरचा. साडेचारशे, आणि वर गालिचे फुकट."

"सगळ्या खोल्यांना?" मैरबाईंनी विचारले.

"जिन्यालासुद्धा, आई."

"बाई गं! जिन्यालासुद्धा!"

"आणि तिसरे प्राइसकाका." इथे गेथिनचा आवाज खाली आला. "अकराशे. असं ऐकलं."

"कोणाकडून ऐकलंस?" लुनेडने केक उलटत विचारले.

"आगारातल्या ह्यूकडून. त्याच्याकडून अकराशे घेतले म्हणे."

इद्वल प्राइस हे गावातले जुने वकील. चांभाराच्या दुकानावर त्यांची कचेरी. सालेम चॅपेलमध्ये ते लुनेडच्या मागच्याच बाकावर बसत. लुनेड सात वर्षांची असताना तिने पहिल्यांदा उभी राहून भजन म्हटले, तेव्हा सर्वांत आधी मान डोलावली ती त्यांनी.

"मग त्यांनाच विचार ना जाऊन," मैरबाई म्हणाल्या. "चार जिने चढायचे, फी विचारायची."

"विचारू कशी? आणि मग परवडत नाही म्हटलं तर? दर रविवारी त्यांच्या पुढ्यात बसायचं मला. माझी मानच वर होणार नाही."

"खरंय," मैरबाईंनी लगेच माघार घेतली. "देवाच्या दारात शेजारी बसणाऱ्या माणसाला, तुमचे किती, असं विचारायचं म्हणजे... नाही बाई."

तिघांनाही ते पटले. या दरीतल्या माणसांचा स्वभावच असा आहे. आजारी शेजाऱ्याच्या घरी न सांगता आठवडाभर सूप पोचवतील, मयताच्या घरी न बोलावता खुर्च्या मांडतील. पण ओळखीच्या माणसाला त्याच्या कामाचा दाम विचारायचा म्हटले की कानाच्या पाळ्या लाल होतात. या सद्गुणाचा कोणी व्यापार करील, असे त्या भाबड्या जिवांना कधी वाटलेच नाही. गेथिनने तिसऱ्या रकान्यावर रेघ मारली.

सोमवारी दोघे वसाहतीच्या विक्री-कचेरीत गेले. तिथली बेथन मोठी गोड मुलगी.

"आमचेच वकील घेताय ना? शहाणे आहात! बाहेरचे वकील उगाच महिनोन्‌महिने लावतात. आणि अठ्ठावीस दिवसांत सह्या झाल्या नाहीत, तर घर दुसऱ्याला द्यावं लागतं हो. माझ्या हातात नाही ते."

"हे वकील बसतात कुठे?" गेथिनने विचारले.

"लांब असतात. पण भेटायची गरजच नाही. सगळं पोस्टाने."

त्या वकिलांना हे काम कोण देते, पुढचे शंभर खरेदीदार त्यांच्याकडे कोण पाठवते, आणि म्हणून त्यांचे मन कोणाला दुखवायला धजत नसेल, हे विचारायचे त्या दोघांना सुचले नाही. सुचले असते, तरी लाज वाटली असती.

पोस्टाने बेचाळीस पानांचे बाड आले. लुनेड शाळेच्या भटारखान्यात दीडशे पोरांचे जेवण उरकून घरी यायची आणि ते बाड घेऊन बसायची. घर आपले, पण खालची जमीन भाडेपट्ट्याची, असे त्यात होते. एकोणतिसाव्या पानावर जमीनभाड्याची एक ओळ तिला कळेना. तिने फोन केला.

पलीकडे वकिलांची मदतनीस होती. "जमीनभाडं ना? ते नेहमीचंच असतं."

"पण इथं दर दहा वर्षांनी दुप्पट, असं काहीतरी..."

"नेहमीचंच कलम आहे, बाई. सगळे सही करतात."

सगळे करतात म्हटल्यावर लुनेडने फोन ठेवला आणि उगाच विचारले म्हणून स्वतःवरच चिडली. सही झाली. गालिचे आले, राखाडी रंगाचे. पहिल्या दिवशी मैरबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बूट काढून अनवाणी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मेंढीच्या पाठीवर उभं राहिल्यासारखं वाटतंय!"

सात वर्षे सुखाची गेली. आठव्या वर्षी मैरबाईंना अर्धांगाचा झटका आला.

डावा पाय उचलेना. टेकडीवरच्या घराला दाराशीच बारा पायऱ्या. लुनेडच्या नव्या घरात खाली धड एक पलंग मावेना आणि न्हाणीघर वर. गेथिननेच तोड काढली. चॅपेलच्या मागे एक बैठे घर विकायला निघाले होते. आपले विकायचे, ते घ्यायचे, आईला घेऊन तिघांनी राहायचे. तोवर आईला वीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात ठेवायचे. "सहा आठवडे फक्त, आई," लुनेड म्हणाली.

गिऱ्हाईक लगेच मिळाले. अग्निशमन दलातला तरुण पोरगा होता, घर आवडले म्हणून त्याने जिन्याच्या कठड्याला थोपटले होते. तीन आठवड्यांनी तो स्वतः दारात आला. फोनवर सांगायला त्याला बरे वाटले नाही.

"रागावू नका ताई. बँक कर्ज देत नाही या घरावर."

"का? काय वाईट आहे घरात?"

"घरात काही नाही. जमीनभाडं दर दहा वर्षांनी दुप्पट होतं. माझा वकील म्हणाला, पन्नास वर्षांनी ते भाडं इतकं होईल की घर कोणी फुकटसुद्धा घेणार नाही." तो पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "तुमच्या वकिलानं सांगितलं नव्हतं?"

लुनेडने बिल्डरला पत्र लिहिले. उत्तर आले की जमीन आम्ही केव्हाच एका कंपनीला विकली. कंपनीचा पत्ता समुद्रापलीकडच्या कुठल्या बेटावरचा. जमीन सोडवून द्यायला कंपनीने जी रक्कम सांगितली, तिच्यात गेथिनचा दीड वर्षाचा पगार गेला असता. त्या लांबच्या वकिलांची पेढी बंद पडली होती. वकिलांविरुद्ध तक्रारी घेणाऱ्या कचेरीने सभ्य भाषेत कळवले की कलम आपल्याला लेखी कळवले होते, आपली सही आहे, शिवाय तक्रारीची सहा वर्षांची मुदतही उलटली आहे. ज्या दारावर थाप मारावी, ते दार नम्रपणे मिटत होते. ओरडावे तरी कोणावर?

मग एके दिवशी, शाळा सुटल्यावर, लुनेड चांभाराच्या दुकानावरचे ते जिने चढली.

प्राइसकाका आता पंच्याहत्तरीचे. त्यांनी चष्मा पुसला आणि बाड हातात घेतले. चहाचा कप निवायच्या आत त्यांची पेन्सिल एकोणतिसाव्या पानावर थांबली.

"हे," ते म्हणाले.

"हो काका. हेच."

"पोरी, माझ्याकडे का आली नाहीस?"

लुनेडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुमचे अकराशे होतात, असं ऐकलं होतं."

"कोणाकडून?"

"आगारातल्या ह्यूकडून."

"ह्यूचं हद्दीचं भांडण होतं! दोन वर्षं चाललं ते. तुझं काम मी पाचशेत केलं असतं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि नुसतं वाचायचं असतं तर एवढ्याशा डबाभर केकांवर वाचलं असतं."

लुनेडने बाड ओढून घेऊन मिटले. खालून चांभाराच्या हातोडीचा आवाज येत होता. मग म्हातारे वकील खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुम्ही घर घेताय, हे मला ठाऊक होतं. मैरनंच सांगितलं होतं. चार रविवार तुझ्या मागं बसून मनात घोळवलं, विचारावं का, पोरी, कागद कोण बघतंय? पण वाटलं, गिऱ्हाईक ओढतोय म्हणशील. लाज वाटली."

एका बाकाचे अंतर! पुढची लाजली, मागचा लाजला, आणि मधल्या त्या वीतभर जागेतून कोणीतरी एक अख्खे घर उचलून नेले.

शुश्रूषागृहात मैरबाई दर भेटीत विचारत, "विकलं का गं?"

"होतंय, आई."

"मेंढीच्या पाठीवरनं उतरायचं जिवावर आलं असेल तुला," असे म्हणून त्या अर्ध्याच तोंडाने हसत.

सहा आठवड्यांचे नऊ महिने झाले होते.

प्राइसकाका आणि लुनेडने चॅपेलच्या मागच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी टेबल मांडले. बाहेर पाटी: 'घराचे कागद वाचून मिळतील. दाम नाही.' पहिल्या गुरुवारी कोणी आले नाही. दुसऱ्या गुरुवारी दोघेजण पाटी वाचून झपाझप पुढे गेले. लुनेडने आणलेले केक तिने आणि काकांनीच खाल्ले.

तिसऱ्या गुरुवारी दार उघडताना लुनेडच्या पायाशी पाकीट लागले. कोणीतरी दाराखालून सरकवलेले. आत त्याच वसाहतीचे कागद, नव्या घरांचे. आणि जिथे जिथे नाव होते, तिथे तिथे कात्रीने चौकोन कापून काढलेला. प्राइसकाकांनी पाने उलटली. तीच ओळ. मग शेवटचे पान बघून त्यांनी डोळे मिटले.

"सही होऊन तीन वर्षं झालीत. तक्रारीला अजून मुदत आहे, तीन वर्षांची. या माणसाला भांडता येईल अजून."

"मग सांगू या ना काका!"

"कोणाला?" त्यांनी तो कागद उजेडात धरला. चौकोनी भोकातून पलीकडची भिंत दिसली.

त्या रविवारी सालेममध्ये पाद्रीबुवांचे प्रवचन रंगले. आधी बोलणे, मग बोलण्यात सूर शिरणे, मग तो सूर वर चढत जाऊन शब्दांचेच गाणे होणे. ज्याने असे गायलेले प्रवचन ऐकले, त्याच्या अंगावर नुसत्या आठवणीने काटा येतो. "माझ्या लेकरांनो, तुमचा भार मला सांगा, असं तो म्हणतो," बुवा गात होते, "आणि आपण म्हणतो, काही नाही देवा, ठीक चाललंय!" बायका डोळे पुसत होत्या. सूर उतरला. भजनासाठी सगळे पुस्तके उघडणार, तोच लुनेड उभी राहिली.

भजन-प्रार्थनेशिवाय तिचा आवाज तिथे कोणी ऐकला नव्हता.

"मी लुनेड," ती म्हणाली, जणू कोणी ओळखतच नव्हते. "मी वकिलाची फी विचारायला लाजले. साडेचारशेवाला घेतला, गालिच्यासाठी. आता माझं घर विकत नाही. माझी आई परक्या पलंगावर पडलीय, आणि मी तिला दर वेळी खोटं सांगते." तिचा हात पुढच्या बाकाची कड शोधत होता. "ज्यांचं पाकीट आलं, त्यांना अजून वेळ आहे. एवढंच."

ती उभीच राहिली. बाजावाल्याने पट्टीवर बोटे ठेवली होती, पण बुवांनी हाताने त्याला थांबवले.

पुढून तिसऱ्या बाकावर एक तरुण बाई अर्धवट उठली. तिच्या नवऱ्याने मान खाली घालून तिच्या कोटाचे टोक मुठीत घट्ट धरले होते. ती धड उभी नव्हती, धड बसलेली नव्हती. सगळे चॅपेल आपापल्या पुस्तकात बघत होते, सभ्यपणे.

वाचकहो, ते टोक आज कोणाकोणाच्या मुठीत आहे?