धगाईचं कुंकू

मंगळवार आणि शुक्रवार आला की निमदऱ्याच्या गायरानात पाय ठेवायला जागा उरत नव्हती. पारनेरच्या रस्त्याला दुतर्फा मोटारसायकली, टेम्पो, एखादी चारचाकी. मधे चार बांबू, वर पत्रा, पत्र्याखाली शेंदूर फासलेला दगड आणि दगडापुढे हातभर रुंदीचा मातीचा पट्टा. बाया रांगेनं पुढे यायच्या, तांब्यातलं पाणी पट्ट्यावर ओतायच्या आणि माती उकळायची. खरोखर उकळायची. खदखद आवाज व्हायचा, भेगा पडायच्या, वाफ उठायची. मागचे लोक टाचा वर करून बघायचे आणि हात जोडायचे.

"ही माय भुकेली न्हाई, ही माय तापलीया," भागवत महाराज घुमत सांगायचे. "हिच्या उरावर मढं ठिवलं, तर गावाच्या पोटात आग पडंल." घुमता घुमता मधेच डोळे उघडून, गाड्या रस्त्यात आडव्या लावू नका, असंही ते बजावायचे आणि पुन्हा घुमू लागायचे. देवी अंगात असताना पार्किंगकडे लक्ष ठेवणारा असा भगत या तालुक्यानं आधी पाहिला नव्हता. देवीचं नावही त्यांनीच ठेवलं होतं: धगाई.

दुसऱ्या आठवड्यात आणखी एक नवल घडलं. बायांनी पट्ट्यावर वाहिलेली हळद ओल लागताच लालभडक झाली. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा महाराजच दचकले, असं पुढे उभ्या असलेल्यांनी सांगितलं. पण या धंद्यातला माणूस फार वेळ दचकून चालत नाही. हळदीचं कुंकू करणारी माय, असा पुकारा त्यांनी लगेच केला आणि पुढच्या मंगळवारी गर्दी दुप्पट झाली. बाया ते कुंकू चिमटीनं उचलून पदराला बांधून घरी न्यायच्या.

या गर्दीच्या मागे दीपा उभी होती. सोनईच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची. वडील सोपान, तिचे आबा, अंथरुणाला खिळले म्हणून रजा टाकून माहेरी आली होती. माती उकळताना बघून तिला पहिल्या झटक्यात चुन्याचा संशय आला. पण जवळ कुणाला जाऊ देत नव्हते, आणि बौद्ध वस्तीतली बाई पट्ट्याला हात लावायला गेली असती तर गावानं माती सोडून तिच्याकडेच बघितलं असतं. शिवाय घरी आबा असे असताना भांडत बसायचं त्राण तिच्या अंगात नव्हतं. ती मुकाट्यानं परत फिरली.

धगाईला नेमकी हीच जागा का आवडली, हे कुणी विचारलं नव्हतं. जागा वस्तीच्या दफनभूमीसाठी मोजलेली होती. वस्तीची माणसं पूर्वी ओढ्याच्या काठी पुरली जायची. मग गावात पाणलोटाची कामं निघाली, ओढा खोल झाला, बंधारा झाला. सगळ्या गावानं श्रमदान केलं. सोपाननंही उन्हाळाभर माती वाहिली. पाणी साठलं, विहिरी भरल्या, कांदा पिकला, आणि बंधाऱ्याचा फुगवटा वस्तीच्या मढ्यांवर येऊन बसला. हे कुणी दुष्टपणानं केलं नव्हतं. आराखड्यात विहिरी दाखवल्या होत्या, रस्ते दाखवले होते. मेलेली माणसं दाखवायची राहून गेली होती.

त्यानंतर वस्ती वर्षानुवर्षं अर्ज करत फिरली. माणूस मेला की त्याला जागा लागते, हे सरकारला मान्य होतं. ती कुठे लागते, इथं आलं की फाईल बसायची. अखेर गायरानातला हा तुकडा मंजूर झाला, मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले, कुंपणाचा निधी आला. आणि दगड रोवून पंधरवडा होतो न होतो तोच धगाई प्रकटली. तहसीलनं कळवलं की स्थानिकांच्या भावना लक्षात घेऊन पर्यायी जागा सुचवावी. पर्यायी जागा गावात नव्हती. मार्च संपला की निधी परत जाणार होता.

गावची स्मशानभूमी होती, पत्र्याची शेड होती, सर्वांसाठी खुली अशी पाटीही होती. गेल्या साली वस्तीतली एक म्हातारी तिथं नेली तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते दिवसभर कुणाला आठवलं नाही. वस्तीत बहुतेक घरं मजुरांची. स्वतःच्या रानात पुरावं तर रान कुणाला होतं. दीपा आबांच्या उशाशी बसून हे सगळं मनात फिरवायची. जिकडून जावं तिकडे भिंत होती.

"दीपे," आबा एका दुपारी म्हणाले, "मला टेम्पोत घालून दुसऱ्याच्या गावात नेऊ नगा. हितली माती वाह्यलीया म्या."

"न्हाई नेणार, आबा," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की हा शब्द पाळणं आपल्या हातात नाही. तिला स्वतःचा राग आला.

गुरुवारी संध्याकाळी आबा गेले.

शुक्रवारी सकाळी अंगणात माणसं जमली. भाऊ पंकज कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्यानं मामाच्या गावी निरोप धाडला होता, टेम्पोही सांगितला होता. "ताई, भांडून काय हुनार? गाव एका बाजूला हाय," एवढंच तो म्हणाला. खड्डा घ्यायला काढलेली कुदळ त्याच्या शेजारी नुसतीच पडली होती.

माजी सरपंच राधाकृष्ण तात्या हार घेऊन आले. माणूस मोठा मायाळू. आबांच्या पायाशी हार ठेवला, डोळे पुसले, दीपाच्या आईची, चांगुणाबाईंची चौकशी केली आणि लागला तर माझा टेम्पो न्या म्हणाले. त्या तुकड्याला लागून तात्यांचं सात एकर रान होतं आणि रानाच्या तोंडाशी त्यांनी प्लॉट विक्रीचा फलक लावला होता. दफनभूमीशेजारी घर बांधायला कोण येणार, हे ते कधीच बोलले नव्हते. ते फक्त देवीबद्दल बोलायचे. "भावनेचा प्रस्न हाय, म्याडम. देवीच्या कोपाफुडं माजं काय चालतंय?"

तात्या गेल्यावर चांगुणाबाईंनी लेकीला आत बोलावलं. पदराची गाठ सोडली. आत लाल चिमूटभर भुकटी होती.

"मंगळवारी मी गेल्ते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की दीपाला वाकावं लागलं. "बावीस प्रतिज्ञा घेतल्याली बाई मी. तरी बी गेल्ते. म्हनलं, ह्यांला उतार पडूं दे. घरातलीच हळद नेली हुती."

दीपाच्या डोक्यात सणक गेली. मग आईचा चेहरा बघून ती सणक उतरलीही आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. जिच्यासाठी सगळी दारं बंद झाली तिनं उघडं दिसलं त्या दारात पाऊल टाकलं होतं, त्यात रागावण्यासारखं काय होतं. तिनं चिमूट हातात घेतली. घरातली हळद. मग ती चुलीपाशी गेली, भुकटी बशीत टाकली आणि त्यावर लिंबू पिळलं. लाल रंग बघता बघता गेला आणि बशीत पिवळी हळद उरली.

"आई, चल माझ्याबरोबर," दीपा म्हणाली. "पंक्या, कुदळ घे."

गायरानात शुक्रवारची गर्दी होती. बाहेर उभे असलेले ग्रामसेवक रविराज या मायलेकींना बघून मोबाईलमध्ये डोकं घालून राहिले. त्यांना गावातच नोकरी करायची होती. घरात मढं असताना सुतकात देवीपुढं आल्या, म्हणून कुजबुज सुरू झाली. दीपा पत्र्याखाली गेलीच नाही. रांगेत सगळ्यात पुढे थाळी घेऊन लंकाबाई उभ्या होत्या. पाटलाच्या घरातल्या थोरल्या. गावातलं कुठलंही लग्न त्यांच्या हाताशिवाय पार पडत नसे. दीपानं त्यांनाच हाक मारली.

"लंकामावशी, मी कशालाच हात लावत नाही. तुम्हीच करा. देवीनं केलेलं कुंकू थाळीत घ्या आणि देवीपुढचंच लिंबू त्यावर पिळा. देवीचं कुंकू असेल तर लालच राहील."

महाराजांनी डोळे उघडले. परीक्षा बघणाऱ्याचं वाटोळं होतं, असं काहीबाही त्यांनी सुरू केलं. पण लंकाबाईंची श्रद्धा महाराजांच्या श्रद्धेपेक्षा पक्की होती, म्हणूनच त्यांना भीती वाटली नाही. त्यांनी कुंकू घेतलं, लिंबू कापलं आणि पिळलं.

थाळीत हळद झाली. मागच्यांना दिसेना म्हणून लोक पुढे सरकले. लंकाबाई थाळीकडे बघत राहिल्या.

"लगनात नवरा-नवरी ववाळायला लाल पानी कोन करतं?" त्या सावकाश म्हणाल्या. "मी करते. चाळीस-पन्नास वरसं करते. हळद घेते आन त्यात चुना घालते." त्यांनी मान वर केली. "महाराज, हितं चुना हाय."

"माय रुसली," महाराज म्हणाले.

"मग जिथं आत्ताच माती उकळली, तिथंच परत पाणी ओता," दीपा म्हणाली. एका पोरीनं ओतलं. नुसता चिखल झाला. दुसरीनं ओतलं, तरी चिखलच. माय दमली, असं महाराज म्हणाले, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. या पत्र्याखाली महिनाभरात कुणी हसलं नव्हतं.

राधाकृष्ण तात्या पुढे झाले. झालं तेवढं पुरे, देवीच्या जागेवर तमाशा नको, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. दीपानं पंकजकडे पाहिलं. पंकज कुदळ घेऊन पट्ट्यापाशी आला. कुदळ लावणारा रक्त ओकून मरेल, असं महाराज ओरडले, तेव्हा तो पांढराफटक पडला. आणि मग, बहुधा घरी अंगणात कोण निजलंय ते आठवून, त्यानं कुदळ उचलली.

पट्ट्याच्या कोरड्या टोकाला वीतभर मातीखाली खताची फाटकी गोणी लागली. गोणीवर पांढरे खडे पसरले होते.

"कळीचा चुना," एक म्हातारे शेतकरी म्हणाले. रंगाचे डबे यायच्या आधी दिवाळीला हाच चुना पिंपात भिजवून गावानं भिंती रंगवल्या होत्या. तेव्हाही पिंप असंच खदखदायचं आणि पोरांना लांब उभं करायचे. हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. शेंदरापुढे उभं राहिल्यावर ठाऊक असलेलं आठवत नाही, एवढंच.

दीपानं चार खडे घमेल्यात टाकले, सगळ्यांना मागे सरकवलं आणि लांबून पाणी ओतलं. घमेलं देवीपेक्षा जोरात उकळलं. मंत्र नव्हता, घुमणं नव्हतं. भट्टीत भाजलेला चुनखडीचा दगड पाण्याला भेटला की तापतो, तिनं सांगितलं. एकदा विझला की परत तापत नाही, म्हणून देवी दोनच वार जागी असायची. मधल्या दिवसांत नवे खडे पुरायला वेळ लागायचा. पत्रा देवीला ऊन लागू नये म्हणून नव्हता, चुन्याला ओल लागू नये म्हणून होता. आणि चुन्यात हळद पडली की लाल होणारच, लिंबाच्या आंबटानं चुना मारला की परत पिवळी. ते महाराजांच्याही डोक्यात आलं नव्हतं. बायांनी आपल्या श्रद्धेनं हळद वाहिली आणि महाराजांची लबाडी रंगून वर आली.

तोवर महाराज दिसेनासे झाले होते. त्यांची गाडी सगळ्यांच्या आधी बाहेर पडेल अशी लावलेली होती. बुवा होण्याआधी ते एका साखर कारखान्यात उसाच्या रसात चुन्याचं पाणी सोडायच्या कामावर होते, हे मागाहून कळलं. मलाबी फसवलं त्यानं, असं तात्या म्हणाले.

आबांना त्या दुपारी खांद्यावरून तिथंच आणलं. पट्ट्यापासून थोडं बाजूला, हद्दीच्या दगडाच्या आत खड्डा घेतला. वस्तीनं त्रिशरण म्हटलं. गावातले बरेच जण थांबले होते. त्यांतल्या काहींनी माती लोटली, काही नुसते उभे राहिले. रविराज हळूच दीपाजवळ आले आणि म्हणाले की आजचं झालं, पण कागदोपत्री जागा अजून वादातच आहे. विशेष ग्रामसभा बोलावता येईल, पण कोरम भरत नाही. ठराव झाला नाही तर पुढच्या माणसाला पुन्हा हाच प्रश्न.

दीपाला वाटलं होतं, आबा मातीआड झाले की आपण सुटलो. ती वळली आणि थांबलेल्या लोकांशी बोलली. रडून तिचा आवाज बसला होता.

"मी तुम्हाला देव सोडा म्हणायला आले नाही. एवढंच सांगते, डोळ्यांनी काही आक्रीत दिसलं तर हात जोडायच्या आधी हात लावून बघा. आणि जमीन उकळायला लागली तर ती कुणाला कशासाठी नको आहे, ते विचारा. माती उकळताना बघायला तुम्ही कामं टाकून आलात. तसेच ग्रामसभेला या आणि इथं आज काय पाहिलं ते सांगा. आमची माणसंही याच गावात मरतात."

ग्रामसभेला लंकाबाई गावातल्या बायांना घेऊन आल्या. काही जण आलेच नाहीत, तात्यांना प्रकृती बरी नव्हती. पण कोरम भरला. हाच तुकडा दफनभूमीसाठी कायम ठेवावा, असं रविराजांनी वाचलं आणि हात वर करायला सांगितले. चांगुणाबाई ग्रामसभेत पहिल्यांदाच बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. मोजणी संपली, सगळ्यांनी हात खाली घेतले, लोक उठायला लागले, तरी त्यांचा हात वरच होता. दीपानं दंडाला धरून सांगितलं की आई, झालं, मोजलं.

"लिवलं का ते बघ आदी," चांगुणाबाई म्हणाल्या.