तांदूळ पांढरेच राहिले

अळंबीचं कालवण करण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं बुआवनचं स्वतःचं मत होतं आणि उत्तरेतल्या डोंगराळ उदोमसायच्या बाजारात येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते ऐकवायची. मत खोटं नव्हतं. यानांग वेलीच्या पानांचा काळपट हिरवा रस, वरून चमचाभर पादेक, म्हणजे मडक्यात मुरवलेली मासळी, एवढ्या भांडवलावर ती गिऱ्हाइकाला बोटं चाटायला लावायची. शेजारी मासे विकणारी सीफान म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, पण हाताला चव आहे.

त्या सकाळी टपरीपुढे एक पोरगी येऊन उभी राहिली. पाठीवर पिशवी, कमरेला चिकट भाताची वेताची टोपली. नाव दुआंगता. पार दक्षिणेतल्या पाक्सेहून निघालेली, परीक्षा संपली म्हणून. एका गावचा बाजार खायचा आणि दुसऱ्या गावच्या गाडीत बसायचं, असा तिचा बेत होता. खिसा हलका, म्हणून भात स्वतःचा; त्याला लावायला एका टपरीवर चिमूटभर मिरचीची चटणी घ्यायची, दुसरीवर नदीच्या शेवाळाचा तुकडा, तिसरीवर माशाची भाजलेली शेपूट. अशी चिमूटचिमूट करत तिने अर्धा देश चाखला होता. दुपारनंतरच्या गाडीने ती मुआंग खुआला जाणार होती आणि तिथून आणखी वर, डोंगरात.

"बापाने हाकलून दिलं का गं, टोपली बांधून?" बुआवनने विचारलं.

"हाकललं नाही, मे. टोपली रिकामी झाली की परत ये म्हणाला."

मे म्हणजे आई; बाजारात तिला सगळेच तसं म्हणत. पण हिच्या तोंडून ते ऐकल्यावर बुआवनला बरं वाटलं. तिची लेक सीमेपलीकडे कारखान्यात होती, वर्षवर्ष तोंड दाखवत नव्हती. ही हिशेबी, अधाशी पोरगी तिला बघताक्षणीच आवडली.

नेमकी त्याच पहाटे डोंगरातल्या खमू जमातीच्या वस्तीवरची म्हातारी पावसातली पहिली पांढरी अळंबी देऊन गेली होती. आदल्या दिवशी डोंगरात खुडलेली, अजून न उमललेली, अंड्यासारखी गोल. निम्मी घरी सुनेच्या हवाली करून म्हातारी रात्रीच बहिणीकडे गावात उतरली होती. ओंजळभर माल, विकायला काढण्याइतका नव्हताच. बुआवनने तो आपल्या न्याहारीसाठी लहान पातेल्यात घातला आणि आईने शिकवल्याप्रमाणे, रस घालण्याआधी, साध्या पाण्यातच मूठभर कच्चे तांदूळ टाकले. अळंबी विषारी असेल तर तांदूळ काळे पडतात. आईच्या आईनेही असंच केलं होतं, आणि घरातलं कुणी अळंबीने मेलं नव्हतं.

दुआंगताने वाकून पाहिलं. आमच्याकडे पांढऱ्या अळंबीला कुणी हात लावत नाही, असं ती चाचरत म्हणाली. बुआवनला ते लागलं. तिने पळीभर तांदूळ वर काढून पोरीच्या नाकासमोर धरले.

"बघ. पांढऱ्या चाफ्यासारखे आहेत. दक्षिणेतल्या लोकांना तांदूळ टाकायचं ठाऊक नसेल, तर त्यात अळंबीचा काय दोष?"

तरीही पोरगी घुटमळली, तेव्हा बुआवनने स्वतः भाताचा गोळा बुडवून खाल्ला, मिटक्या मारत. मग दोघींनी एकाच वाडग्यात खाल्लं. इतकी गोड अळंबी जन्मात खाल्ली नाही, असं दुआंगता म्हणाली. पैसे घ्यायला बुआवनने साफ नकार दिला. पोरगी वाकून हात जोडून गर्दीत शिरली, आणि बुआवन दुपारपर्यंत खुशीत राहिली.

दुपार उलटल्यावर सीफान आली ती मासे झाकायचं सोडून थेट हिच्याकडे. तिचा भाचा डोंगरातून गाडी चालवतो. खमू म्हातारीचा मुलगा, सून आणि व्याही या तिघांना त्याने आत्ताच इस्पितळात उतरवलं होतं. मुलगा वाटेतच गेला. काल रात्री त्यांनी पांढरी अळंबी खाल्ली होती.

बुआवनने पळी खाली ठेवली. "त्यांनी तांदूळ टाकले नव्हते का गं?"

"टाकले होते," सीफान म्हणाली. "पांढरेच राहिले होते."

बुआवनने पोटावर हात ठेवला. काही म्हणजे काही होत नव्हतं. उलट भूक लागली होती. पण सीफानने तेही सांगितलं: खाऊन ती माणसं छान झोपली होती, पहाटेपर्यंत कुणाला काहीच झालं नव्हतं. तू अशीच्या अशी इस्पितळात जा, म्हणून ती हाताला धरून ओढू लागली. इस्पितळ एका टोकाला, गाड्यांचा अड्डा दुसऱ्या टोकाला. बुआवनने हात सोडवून घेतला आणि अड्ड्याकडे पळत सुटली. पळताना तिला स्वतःची भयंकर चीड येत होती. पोरगी नको म्हणत होती, मीच चारलं, मीच.

मुआंग खुआच्या गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. दुआंगता खिडकीशी बसून चिंचा चोखत होती. बुआवनला पाहून तिला आनंदच झाला. मे निरोप द्यायला आली, असं तिला वाटलं. बुआवनने गाडीत चढून सगळं सांगितलं, धापा टाकत, उलटसुलट. आजूबाजूचे लोक ऐकू लागले. दुआंगताचा चेहरा क्षणभर उतरला, मग ती हसली.

"मे, तुम्ही माझ्याआधी खाल्लंत. तुम्हाला काही झालंय का? तांदूळही तुम्हीच दाखवलेत."

"मी चुकले गं."

"मला काही होत नाहीये, खरंच. मी दोनदा जेवले नंतर. वाटेत काही वाटलंच तर तिथल्या दवाखान्यात जाईन."

वाटेत दवाखाना कसला, पुलाचाही पत्ता नसतो पावसात. मागून कुणीतरी म्हणालं, या म्हातारीला एकटं करमत नसेल. चार माणसं हसली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला आणि उतरायचं तर उतरा म्हणून ओरडला. पोरीला पटवायला सकाळी बुआवनने जे जे केलं होतं, ते सगळं आता तिच्याच वाटेत आडवं आलं होतं. शब्दांनी ही उतरायची नाही, हे तिला कळून चुकलं.

तिने पोट गच्च धरलं आणि गाडीच्या मधल्या बोळात खाली कोसळली.

आयुष्यात कधी नाटक केलं नव्हतं, पण जमलं. ती कण्हली, कुशीवर वळली, डोळे फिरवले. हसणारे उठून उभे राहिले. दुआंगताच्या हातातली चिंच पडली. मग तीच "मे, मे" करत खाली वाकली, बुआवनला काखेत धरून उचललं, पिशवी पाठीला मारली, तिला घेऊन गाडीतून उतरली आणि टुकटुकवाल्याला इस्पितळ म्हणून सांगितलं. गाडी धूर सोडत निघून गेली.

टुकटुकात बुआवन मनातून खुशीत होती, आणि शरमलेलीही. खड्डा आला की ती जरा मोठ्याने कण्हायची. दुआंगता तिची पाठ चोळत होती, जवळच आलं, मे, म्हणत होती. डॉक्टरांनी पोरीला एकदा आत घेतलं की कान धरून कबूल करायचं, असं बुआवनने ठरवलं. शिव्या देईल, देऊ दे.

बाजार मागे पडला तेव्हा पाठीवरचा हात थांबला.

"मे, नक्की कुठे दुखतंय?" दुआंगताने विचारलं.

बुआवनने अंदाजाने बेंबीखाली बोट ठेवलं.

"तिथे नाही," दुआंगता हळूच म्हणाली. "वर. बरगडीखाली सुरू होतं." आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचंच पोट तिथे दाबून धरलं.

बुआवनचं कण्हणं तोंडातच राहिलं. ती ताठ उठून बसली, पोरीला कुशीत ओढलं आणि गाडी आणखी जोरात हाक, म्हणून टुकटुकवाल्यावर ओरडू लागली.