राहून गेलेलं स्वागत

आंबेकोंडच्या पक्षसमितीत यमुनाबाईंचं पद मोठं होतं आणि काम एकच होतं. पद महिला आघाडीच्या प्रमुखाचं आणि काम ओवाळण्याचं. कुणी पुढारी आला की ताम्हणात निरांजन, कुंकू आणि तांदूळ घेऊन पुढे व्हायचं, ओवाळून झालं की मागे सरायचं आणि पुरुषांची भाषणं संपेपर्यंत चहाच्या पातेल्याशी उभं राहायचं. समितीत पगार कुणालाच नव्हता. त्यामुळे मानाच्या बाबतीत कुणी पैशाचीही सूट द्यायला तयार नसे.

सन दोन हजारच्या जानेवारीत आमदार बापूसाहेब पालीच्या सभेला यायचे ठरले. ते मुंबईहून येणार होते, आणि तेही आगगाडीने. समितीचे अध्यक्ष चिंतामणीभाऊ यांनी आंब्यावरची फवारणी सोडून स्वागताचं भाषण पाठ करायला घेतलं. बागेतल्या एकेका कलमापुढे उभे राहून ते म्हणायचे, "आपल्या चरणस्पर्शाने ही भूमी आज पावन झाली आहे!" गडी माणसं झाडाआड तोंड लपवून हसायची. भाऊ मनाने सोन्यासारखे होते, पण समोर चार माणसं दिसली की त्यांना भाषणाचा मोह आवरत नसे, आणि चार माणसं नसली तरी आवरत नसे.

आदल्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना बजावलं, "बापूसाहेब पहिल्यांदाच येतायत. त्यांच्यापुढे एकही मागणी काढायची नाही. पाहुणा दारात आला की लगेच रडगाणं सुरू, असं आपल्याकडून व्हायला नको." बोलताना सगळ्यांकडे बघायचं सोडून ते यमुनाबाईंकडे बघत होते, कारण मागणी त्यांचीच होती.

यमुनाबाईंना साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हवा होता. त्यांची वाडी पऱ्याच्या, त्या ओढ्याच्या, पलीकडे आणि रस्ता, दवाखाना, बाजार सगळं अलीकडे. मधे माडाचे दोन सोट, नुसती सोललेली खोडं, टाकलेले. पावसाळ्यात पऱ्या फुगला की ते सोट दरसाल वाहून जायचे आणि वाडी पलीकडे अडकून पडायची. इतकी वर्षं हे चालून गेलं होतं. पण यंदा त्यांची सून राही हिला दिवस गेले होते, आणि दिवस भरणार होते ऐन श्रावणात. मुलगा मुंबईला कामाला. अवघडलेल्या पोरीला पऱ्या ओलांडून नेणार कोण आणि कशावरून, या विचाराने यमुनाबाईंची झोप उडाली होती.

"मी कशाला मागू?" त्या बैठकीत म्हणाल्या. "मी आपली ओवाळीन."

गाडीच्या दिवशी सगळी समिती कडक इस्त्रीत रत्नागिरी स्टेशनावर हजर झाली. कोकणात रेल्वे येऊन फार दिवस झाले नव्हते आणि समितीचा सगळा अनुभव एसटीचा होता. एसटीतून मुंबईकर पाहुणा उतरायचा असला की आपली रीत ठरलेली. गाडी थांबली की चार जणांनी आत घुसायचं, कुणी बॅग उचलायची, कुणी पिशव्या, आणि पाहुण्याला मिरवत खाली आणायचं. सगळं खाली उतरल्याशिवाय कंडक्टर घंटी मारत नाही, आणि मारलीच तर त्याच्याशी भांडता येतं.

तर गाडी थांबल्याबरोबर भाऊ हार घेऊन डब्यात शिरले. त्यांच्यामागे उपाध्यक्ष भागोजी, त्याच्यामागे खजिनदार, त्यांच्यामागे उरलेली समिती. यमुनाबाई तेवढ्या खाली राहिल्या, कारण वाऱ्याने निरांजन विझायला लागलं होतं आणि पदराचा आडोसा केल्याशिवाय ते टिकत नव्हतं. एका टोकाच्या दाराने समिती आत गेली आणि त्याच डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या दाराने बापूसाहेब स्वतःची बॅग स्वतःच घेऊन फलाटावर उतरले.

मग गाडी निघाली. घंटी नाही, काही नाही, सरळ निघाली.

"अरे थांबव! माणसं उतरायची आहेत!" भाऊ दारातून ओरडत होते. हातातला हार वाऱ्यावर उडत होता. आत कुणीतरी साखळीकडे बोट दाखवलं तसे भाऊ कडाडले, "खबरदार! दंड झाला तर पक्षाचं नाव पेपरात येईल!" पक्षाचं नाव राखलं गेलं आणि समिती कणकवलीला गेली.

फलाटावर बापूसाहेब आणि ताम्हण घेतलेल्या यमुनाबाई एवढेच उरले. भाषण यमुनाबाईंना येत नव्हतं, येत होतं ते त्यांनी केलं. ओवाळलं, कुंकू लावलं, तांदूळ टाकले आणि मागे सरायला गेल्या. पण आज मागे सरून जागा द्यायची तरी कुणाला? पुढे दुसरं कोणीच नव्हतं.

"बाकीची मंडळी कुठे आहेत?" बापूसाहेबांनी विचारलं.

"तुमास्नी आणायला गेलीत," यमुनाबाई म्हणाल्या, आणि गाडी गेली त्या दिशेने त्यांनी बघितलं. बापूसाहेबांना उमजायला थोडा वेळ लागला, मग ते असे हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

बाहेर समितीने ठरवलेली जीप उभी होती. सभेला वेळ होता. जीप पालीच्या रस्त्याला लागली तेव्हा यमुनाबाई मागच्या सीटवर ताम्हण मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागणी काढायची नव्हती. पाहुण्याला घरी बोलवायचं नाही असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

"साहेब, वाटेतच आमची वाडी हाय. कोकमाचं सरबत घेऊन जावा."

बापूसाहेबांच्या घशाला कोरड पडलीच होती. जीप वाडीशी थांबली आणि समोर पऱ्या आला. जानेवारीत त्यात घोट्याएवढं पाणी. बापूसाहेब अंगाने चांगले भरलेले. माडाच्या सोटांवर चार पावलं गेले आणि मधोमध थांबले. त्यांना पुढेही जाववेना आणि मागेही वळवेना.

"बाई, दुसरी वाट नाही का?"

"हाय की. खाली उतरा, पाण्यातनं जाऊ. आता पाणी कुठं हाय?" यमुनाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. बूट हातात घेऊन बापूसाहेब पाण्यात उभे राहिले, तेव्हा त्यांना डोक्याच्या वर, करंजाच्या फांदीवर एक निळी चिंधी अडकलेली दिसली.

"हे वर काय?"

"माझं पातळ. गेल्या आषाढात पाण्यानं अंगणातनं नेलं, ते तिथं अडकलं. काडायला कुणाचा हात पोचत नाय."

बापूसाहेबांनी एकदा पायाखालचं पाणी पाहिलं, एकदा वरचं पातळ पाहिलं, आणि त्यांचं हसू गेलं. घरी राहीने सरबत आणून दिलं. ते घेताना बापूसाहेबांनी आपणहून विचारलं, "पावसात तुम्ही पलीकडे जाता कसे?"

"जात नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "आता श्रावणात हिला दवाखान्यात न्यायची हाय. म्हणून जरा काळजी वाटते, दुसरं काय नाय."

त्या दिवशी मागणी कुणी केली नाही, आणि मार्च संपायच्या आत आमदार निधीतून साकव मंजूर झाला. मे महिन्यात तो बांधूनही झाला. चांगला रुंद, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे.

आणि तिथे घोडं पेंड खायला बसलं. उद्घाटन झाल्याशिवाय कामावर पाऊल ठेवायचं नाही, हा आपल्या पुढाऱ्यांचा जुना दंडक, आणि उद्घाटन बापूसाहेबांच्याच हस्ते करायचं, हा भाऊंचा हट्ट. स्टेशनावर हुकलेलं भाषण त्यांच्या घशात अजून अडकलेलं होतं. बापूसाहेबांची तारीख काही मिळेना. आधी लग्नसराई आडवी आली, मग अधिवेशन. भाऊंनी साकवाच्या रस्त्याकडच्या तोंडाशी लाल फीत बांधली, गुरं जाऊ नयेत म्हणून करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या, आणि नव्या साकवाच्या शेजारून माणसं जुन्या सोटांवरून जा-ये करत राहिली. यमुनाबाईंनी दोनदा विषय काढला. भाऊ म्हणाले, "थोडक्यासाठी शिस्त मोडायची नाही, यमुनाबाई. तुम्ही तर समितीच्या पदाधिकारी!" पदाधिकारी म्हटल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा विषय काढला नाही, पण मनातून त्या चडफडल्या.

श्रावणात एका सकाळी पऱ्या दोन्ही काठ भरून वाहू लागला आणि माडाचे सोट कुठल्या कुठे गेले. नेमक्या त्याच सकाळी राहीच्या पोटात कळा सुरू झाल्या. भागोजी रस्त्याकडे राहायचा. त्याने पलीकडून हाक ऐकली, जीप बोलावली आणि भाऊंना आणलं. भाऊ छत्री घेऊन धावत आले ते साकवाच्या अलीकडच्या तोंडाशी थबकले. पलीकडून यमुनाबाई राहीला धरून साकवावर चढत होत्या. मधे अडसर होता तो काट्यांचा आणि फितीचा.

यमुनाबाईंचा आवाज त्या पाण्याच्या गर्जनेतही स्वच्छ ऐकू आला. "भाऊ, तुमी काडताव की मी काडू?"

भाऊंनी छत्री टाकली. नुसत्या हातांनी करवंदीच्या फांद्या ओढून पाण्यात फेकल्या. हात रक्ताळले, धोतर फाटलं, तोंडाने ते सारखे "गाढव मी, गाढव मी" म्हणत होते. राहिली फीत. भिजून गाठी आवळल्या होत्या आणि भाऊंच्या बोटांना त्या सुटेनात. कात्री घरी कपाटात होती, बापूसाहेबांसाठी चकचकीत पुसून ठेवलेली.

"भाऊ, सरा बाजूला," राही म्हणाली, आणि दात आवळून सरळ चालत आली. फीत तिच्या पोटाला लागली, ताणली, दोन्ही बाजूंच्या गाठी कठड्यांवरून निसटल्या आणि लाल फीत तशीच तिच्या कमरेला गुंडाळलेली राहिली. ती घेऊनच राही जीपमध्ये बसली. दुपारी पालीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली.

बाळंतीण घरी यायच्या दिवशी जीप रस्त्याला थांबली आणि यमुनाबाई बघतच राहिल्या. साकवावर सगळी समिती उभी होती, कडक इस्त्रीत. भागोजीच्या गळ्यात ढोल. भाऊंच्या हातांना अजून पट्ट्या, आणि त्या हातांत ताम्हण होतं. तेल, वात, कुंकू, तांदूळ सगळं त्यांनी स्वतः मांडून आणलं होतं.

"धरा," भाऊ म्हणाले. "हे तुमचं काम. माझं मी करतो."

यमुनाबाईंनी सुनेला आणि नातीला ओवाळलं. मग भाऊ पुढे झाले, घसा साफ केला, आणि बागेतल्या कलमांनी शंभर वेळा ऐकलेलं भाषण एकदाचं सुरू झालं.

"आपल्या चरणस्पर्शाने..." ते म्हणाले आणि थांबले. दुपट्यातून बाहेर आलेला इवलासा पाय त्यांना दिसला, आणि पुढचं काही आठवेना. डोळे भरून आले. त्यांनी परत सुरुवात केली, परत तिथेच अडकले.

"भाऊ, लवकर आटपा," यमुनाबाई पदराचा आडोसा धरून म्हणाल्या. "निरांजन विझतंय."

"विझू दे," भाऊ म्हणाले, "आपण परत लावू." आणि त्यांनी बाजूला होऊन यमुनाबाईंना पुढे जायला वाट करून दिली.