एकतीस सह्या

“तुम्ही कधी केस हरला आहात का?”

प्रश्न माझा नव्हता. शिडी आणि टिकलीने पैज लावली होती. शिडी म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी आणि टिकली म्हणजे तिच्या कोपराखाली मावणारी. “वकिलाला असं तोंडावर विचारून दाखव. तुझी हिंमतच नाही,” असं दोघी मधल्या सुट्टीत म्हणाल्या. मला कुणी ‘हिंमत नाही’ म्हटलं की माझं डोकं बंद पडतं आणि तोंड सुरू होतं.

आईने टेबलाखालून मांडीला कचकचीत चिमटा काढला. बाबा छताकडे बघायला लागले. बाबा लिफ्टचे मेकॅनिक आहेत, अवघड प्रसंगी ते सवयीने वर बघतात.

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खाली मशीन सुरू झालं की वर टेबलावरची पेन्सिल थरथरते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “हरलेय की. एकदा तर अशी हरले, की घरी जाऊन भांडी आपटली. पुढचा प्रश्न?”

मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

आता आम्ही तिथे का गेलो होतो ते सांगते. मी दोन वर्षं पोहण्याच्या एका निवासी केंद्रात होते. तिथे उपचारांच्या खोलीत एक सर होते. खांदा दुखला, पाय आखडला की त्यांच्याकडे पाठवायचे. त्या खोलीत काय झालं ते मी पोलिसांना सांगितलं, मग कोर्टात सांगितलं. इथे सांगणार नाही. ते माझं आहे, कुणाला किती द्यायचं ते मी ठरवणार. सर आता तुरुंगात आहेत.

“मग अजून काय राहिलं?” असं आत्याने विचारलं होतं. मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. वकीलबाईंनी समजावलं. एक केस सरकारने त्या माणसावर चालवली, ती संपली. ही दुसरी, दिवाणी. ही आपण करायची आणि केंद्रावर करायची. मुलींना सांभाळायची जबाबदारी ज्यांनी अंगावर घेतली होती, त्यांनी ती पाळली का, एवढाच प्रश्न. पण मी अजून अठराची नाही, त्यामुळे माझ्या वतीने आईबाबांनी सही करायची. त्यांनी केली. 

केंद्राने लगेच हात झटकले. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं, त्यासोबत जाडजूड रजिस्टरची प्रत. म्हणे, आमच्याकडे कडक नियम होता: उपचाराच्या वेळी खोलीत दुसरी मोठी व्यक्ती हजर हवीच, आणि हजर असल्याची सही हवीच. बघा, रोज वॉर्डन मॅडमची सही आहे!

चोर तो चोर, वर शिरजोर.

ती प्रत घरी आठवडाभर फ्रिजवर पडून होती. आई तिच्यावरची धूळ पुसायची, पण उघडायची नाही. एका रविवारी मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले आणि वाचायला घेतली. वॉर्डन मॅडमची सही म्हणजे गोल डोकं आणि वळवळती शेपटी. एका महिन्याच्या पानावर अशा एकतीस शेपट्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. वरच्या ठसठशीत, खाली खाली फिकट, तेविसावी तर दिसेनाच, आणि चोविसावीपासून परत ठसठशीत. एकाच बैठकीत सह्या ठोकताना पेन संपलं होतं आणि दुसरं घेतलं होतं. तेवढ्यात माझी नजर सतरा तारखेवर गेली. माझं नाव. ‘खांदा, अर्धा तास.’ शेजारी शेपटी.

“आई!” मी अशी किंचाळले की आईच्या हातातला चमचा पडला. “सतरा तारखेला मी तुझ्या दवाखान्यात होते!”

आई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. त्या आठवड्यात केंद्रातल्या तलावाच्या तळाच्या फरशा उखडल्या म्हणून पाणी काढून टाकलं होतं आणि सगळ्या मुलींना आठ दिवस घरी धाडलं होतं. सतराला माझ्या दातांना तारा बसल्या होत्या. आईनेच नंबर लावला होता. केंद्र बंद, सर सुट्टीवर, मी खुर्चीत आ वासून, आणि रजिस्टरमध्ये माझ्या खांद्यावर उपचार चाललेत, वर साक्षीला वॉर्डन मॅडम! सह्या आधीच करून ठेवलेल्या आणि तक्रार झाल्यावर कुणीतरी घाईघाईने रिकाम्या रकान्यांत नावं भरलेली. भरणाऱ्याने कॅलेंडर बघायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते.

बाबांनी ते पान खिडकीपाशी नेलं. प्रत्येक लिफ्टमध्ये तपासणीचं कार्ड असतं, त्यावर ते दर महिन्याला सही करतात. आधी सगळे मजले वरखाली फिरतात, मगच पेन काढतात. एकदा एका इमारतीच्या सेक्रेटरीने पुढच्या तीन महिन्यांच्या सह्या आत्ताच मागितल्या, तर बाबा त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

“सही म्हणजे, मी तिथे होतो,” बाबा हळूच म्हणाले. “ही बाई तिथे नव्हती.”

“हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, बाबा. कागदाने सांगितल्यावर जास्त खरं झालं का?”

बाबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द मी परत घेतले नाहीत.

वकीलबाईंनी केंद्राला पत्र लिहिलं: मूळ रजिस्टर हजर करा, आणि फरशांच्या दुरुस्तीचे कागदही. नऊ दिवस गेले आणि दहाव्या दिवशी केंद्राचा सूर एकदम मऊ झाला. तडजोड करू म्हणाले. भरपाई देतो, चांगली देतो. फक्त एक अट. मुलीने आणि घरच्यांनी केंद्राबद्दल कुठेही, कधीही, कुणाशीही बोलायचं नाही. रजिस्टरची प्रत परत द्यायची.

“आणि वॉर्डन मॅडम?” मी विचारलं.

“त्या तिथेच आहेत,” वकीलबाई म्हणाल्या.

आई म्हणाली, “मॅडम, संपवून टाकू. फार झालं.” बाबांनी होकारार्थी मान हलवली.

“तुम्ही म्हणाल तसं,” वकीलबाई म्हणाल्या. “तडजोड करण्यात कमीपणा नाही, बरेच लोक करतात आणि बरं करतात. केस लढलो तर वेळ लागेल, आणि हरूही शकतो. पण मुलगी लहान असली की तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते. गुरुवारी न्यायाधीश तिला आत बोलावून विचारतील. तुम्ही विचारलंय का तिला?”

आईबाबांनी एकमेकांकडे बघितलं. खालचं मशीन सुरू झालं.

घरी आईने मला जवळ घेतलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा.”

“मूठ त्यांची झाकलेली राहणार, आई. आपली नाही.”

“तोंड बघा हिचं! अगं, मागच्या वेळी सरांच्या वकिलाने तुला काय काय विचारलं, मी ऐकलंय. तू पाणी मागितलंस तेव्हा तुझा आवाज कसा झाला होता ते मी ऐकलंय. परत नाही ऐकवत मला.”

भीती मलाही होतीच. मी काही लोखंडाची नाही. रात्रभर विचार करून मी दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडले आणि दोन्ही बाजूंनी हरले.

शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी शिडीला बाईंच्या टेबलामागे उभं केलं. या दोघींना मी सगळं यंदाच सांगितलं होतं. टिकली रडली होती आणि शिडी म्हणाली होती, “बरं. आता कुणाला मारायचंय?” तेव्हापासून मी जरा जास्तच ताठ चालते, असं आई म्हणते.

“तू त्यांचा वकील,” मी म्हटलं. “विचार. अजिबात दया दाखवू नकोस.”

टिकली न्यायाधीश झाली. तिने डस्टर आपटलं आणि स्वतःच खडूच्या धुरळ्यात शिंकली. शिडीने घसा खाकरला. “तर मुली, तू म्हणतेस खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग तू ओरडली का नाहीस?”

“मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, मोठ्यांनी पाठवलंय म्हणजे ठीकच असेल.”

“मग तू... मग दुसऱ्यांदा का गेलीस?”

“कारण वॉर्डन मॅडमनी पाठवलं. यादीत नाव असायचं. नाही गेलं तर संघातून बाहेर. आणि मॅडम दाराशी यायच्या, आत कधीच नाही. त्यांची सही मात्र रोज आत यायची.”

शिडी दोन्ही हातांनी तोंड झाकून मटकन बाकावर बसली. “मला नाही जमत गं हे विचारायला.”

मी उभीच होते. आवाज माझाच होता, पाणीसुद्धा लागलं नव्हतं.

“अय्या,” मी म्हटलं, “मला तर जमतंय उत्तर द्यायला.”

टिकली नाक पुसत म्हणाली, “न्यायाधीशांचं मत आहे की तू भारी आहेस.”

बाहेर आलो तर सूचनाफलकाशी खालच्या वर्गातल्या मुलींची गर्दी. त्याच केंद्राची जाहिरात. नव्या तुकडीत प्रवेश सुरू, दहा ते तेरा वयाच्या मुलींसाठी, ‘घरासारखी काळजी’. एक चिमुरडी टाचा उंचावून फोन नंबर हातावर लिहून घेत होती. तिला थांबवून सगळं सांगावंसं वाटलं. पण तडजोड झाली, तर गुरुवारनंतर मला सांगायची परवानगीच राहणार नव्हती.

मी घरी चालत नाही, जवळजवळ पळत आले. आई खिडकीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा स्क्रू ड्रायव्हर पुसत होते. मी चप्पल न काढताच मध्ये उभी राहिले.

“चप्पल,” आई म्हणाली.

“एक मिनिट, आई. आधी ऐका. बाबा, वर बघू नका, माझ्याकडे बघा. मी ठरवलंय. गुरुवारी न्यायाधीशांनी विचारलं की मी नाही म्हणणार. पैसे पुढे कोर्ट देईल तेवढे देईल, नाही तर नाही. पण गप्प बसायची अट मला मान्य नाही. ते रजिस्टर मी परत देणार नाही. वॉर्डन मॅडमनी माझ्यासमोर उभं राहून सांगायचं की सतरा तारखेला त्या कुठे होत्या. मला जे विचारायचं ते विचारू देत, मी उत्तर देईन. आणि तुम्ही दोघं मागच्या बाकावर बसायचं. रडायला आलं तर रडा, चालेल मला. पण उठून जायचं नाही.”