उतारावरची चावी

आमच्या लेकीने, मानसीने, तिच्या आबांसाठी बॅटरीवरची स्कूटर आणली आणि मागे आधाराची दोन जादा चाकं बसवून घेतली. गुडघ्यांमुळे ओट्यावर बसून राहिलेला माणूस पुन्हा आपला आपण बुद्धविहारात जाऊ लागला. मला मागे बसवून नेण्याचा तोरा तर काही विचारूच नका.

पण बॅटरीतलं छोटं बोर्ड दोनदा जळलं. ते प्रत्येक सेलवर नजर ठेवतं. त्यालाच काही झालं की गाडी जागची हलत नाही. मानसी सुदुंबऱ्याला कंपनीत अशीच बोर्डं तपासते. दुसऱ्यांदा जळाल्यावर ती म्हणाली, "आबा, कारण कळल्याशिवाय तिसरं लावणार नाही. आणि नाहीच कळलं तर गाडी विकून टाकू. शेजारचा प्रितमदादा सोडेल तुम्हाला."

"पोत्यावानी त्याच्या मागं बसून? मी न्हाई जायाचो," हे म्हणाले.

मला कारणाचा अंदाज होता. विहाराकडून टाकव्यात घरी येताना लांब उतार लागतो. तिथे आलं की हे चावी बंद करायचे. जन्मभर पेट्रोलची गाडी उतारावर बंद करून चालवलेली; हाताला तेच वळण. दोन्ही वेळा गाडी उताराखालीच बंद पडली होती.

"तिला सांगू नगंस," हे स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले. "गाडी काढून घेईल."

"अहो, मी रोज सकाळी शील घेते. खोटं बोलणार न्हाई म्हनते."

"खोटं कुटं बोल म्हनतोय? गप बस. गप बसनं खोटं असतंय व्हय?"

त्या संध्याकाळी वंदनेत माझं मन लागलं नाही.

सकाळी मानसी बॅटरी उघडून बसली. "आई, गाडी बंद पडते तेव्हा आबा नक्की काय करत असतात गं?"

हे लसूण सोलत होते. हात थांबला. मी म्हटलं, "अहो, तुमीच सांगा. मी सांगायला लागले तर सगळंच सांगंन."

"सगळं? म्हणजे अजून काय काय आहे?"

"काय न्हाई!" हे घाईघाईने म्हणाले. "उतारावर चावी बंद करतो. बॅटरी वाचती. बास?"

आता गाडी गेली, असं मला वाटलं. मानसी मात्र कपाळाला हात लावून हसत सुटली. "आबा, उतारावर मोटरच उलटी वीज पाठवते. बॅटरी फुकटात भरते तुमची! तुम्ही नेमकी तीच तोडता. चालू वीज अशी एकदम तुटली की झटका उसळतो आणि या बारीक वायरींतून बोर्डात शिरतो."

"फुकटात भरती?" यांचा चेहरा पडला. "आन मीच बंद करतो व्हय! आता चावीला हात लावनार न्हाई. शपथ..."

"शपथ नका घेऊ," मी पटकन म्हटलं.

"आई बरोबर बोलते. ती सवय जायची नाही," मानसी म्हणाली. "आपण बोर्डालाच जपू."

तिने तिसरं बोर्ड बसवलं आणि त्याच्या प्रत्येक बारीक वायरीत एकेक रेझिस्टर जोडला, झटक्याचा जोर मोडायला. आणि पुढे एकेक डायोड, उरलेला झटका बोर्डात न जाता बाहेरूनच वळवायला.

"चांगला मोठा लाव की रेझिस्टर," हे म्हणाले.

"फार मोठा लावला तर बोर्डाचं मोजमाप चुकतं, आबा. झटका अडला पाहिजे, पण खरं ते आत पोचलंच पाहिजे."

पौर्णिमेला विहारातून परतताना उताराच्या वर यांनी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. निम्म्यात आलो आणि उजवा हात आपसूक खाली गेला. टक्.

गाडी मुकाट खाली येऊन थांबली. यांनी चावी फिरवली. दिवा लागला. हँडलला जरा पीळ दिला, तर गाडी निघालीसुद्धा.

"मुद्दाम बंद केली," मान न वळवता हे म्हणाले. "पोरीचं काम पक्कं हाय का बघत व्हतो."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं. घरी मानसीनं इचारलं, तर तुमीच सांगा."