खाडीपलीकडची देवराई

सिंगापूरच्या पुलाउ उबीन बेटावरच्या कांदळवनाला गिरिजा देवराई म्हणत असे. राजापूरजवळच्या तिच्या आजोळी देवराईत अनवाणी जायचे आणि तिथली वाळकी काटकीही घरी आणायची नाही, अशी रीत होती. इथला देव कोणता, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली होती की इतक्या जुन्या झाडांना हात लावायला माणूस कचरतो, एवढा देव पुरे.

समोर अरुंद सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे मलेशियाचे जोहोर. तिथेही हेच कांदळ, हाच काळा चिखल. तोडायला इकडे बंदी, तशी तिकडेही. धनेशाची जोडी पासपोर्ट न दाखवता ये-जा करी. आम्हा माणसांचे तसे नव्हते. शहरातल्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातून गिरिजाची जोहोरला बदली झाली होती. सोमवारपासून ती तिथेच राहणार होती. इतके शनिवार तिच्यासोबत या बेटावर हिंडूनही जे बोललो नव्हतो, ते आज बोलायचे, असे मी ठरवले होते.

मनात वाक्य घोळवण्याच्या नादात मी लाकडी पुलाच्या तोंडाशीच बसलो, नाड्या सोडल्या आणि बूट कडेला जोडून ठेवले. सायकलवरून चाललेल्या एक वयस्क बाई थांबल्या.

"टेम्पल नाही इथे, लाह," त्या सिंगापुरी धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या. मागची माणसे हसली. माझे कान तापले.

गिरिजा हसली नाही. तिने आपल्या चपला काढल्या आणि माझ्या बुटांशेजारी ठेवल्या.

पुलाच्या फळ्या उन्हाने कोमट झाल्या होत्या. कांदळाचे बी झाडावरच रुजते. तशी लांब हिरवी रोपे फांद्यांना लोंबत होती. एक फळीवर पडले होते. गिरिजा गेल्यावर जवळ काहीतरी असावे, म्हणून मी ते हळूच पिशवीत सरकवले.

"काढ ते, मुकुल," ती म्हणाली. "देवराईतलं काही बाहेर न्यायचं नसतं."

"मग तू कशी चाललीस?"

घोकलेले वाक्य हे नव्हते. हे आपोआप आले, आणि आल्यावर परत घेता येईना.

मी रोप पिशवीतून बाहेर काढले. तिने ते माझ्या हातातून घेतले, कठड्यावरून वाकून पाण्यात सोडले. ते क्षणभर बुडाले, वर आले आणि ओहोटीसोबत निघाले. कुठे लागणार होते, कुणास ठाऊक.

"हे पलीकडे जाऊन रुजलं," तिने विचारले, "तर ते बाहेर गेलं का?"

मी समोरच्या काठाकडे पाहिले. तोच हिरवा रंग, फक्त अंतराने थोडा निळसर झालेला.

"नाही," मी म्हणालो. मग उरलेला सगळा धीर एकवटून विचारले, "मी तिकडे आलो, तर बूट कुठे काढायचे?"

"माझ्या दारात," ती म्हणाली. "पण चपला घालून ये. नाड्या सोडण्यात तुझा फार वेळ जातो."