मालनचं नाव असलेली नोंदवही

मी नोंदवही, कोपरच्या खाडीकडल्या एका गावातल्या मराठी शाळेची. कागदोपत्री मला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव आधी माझ्यात चढायचं, मग ते बाकावर बसायचं.

‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात सुरुवातीला पानंच्या पानं ‘शेती’ नाहीतर ‘मिठागर’. पुढे ‘कारखाना’ आला, ‘रिक्षा’ आली, ‘जागामालक’ही आलं. मग मुलंच येईनाशी झाली. शेवटच्या वर्षी माझ्यात दोन नावं चढली. शाळा बंद झाली आणि मला दुसऱ्या शाळेच्या लोखंडी कपाटात आणून ठेवलं. इथल्या मुलांपैकी एकही माझं नाही. त्यांचा गलबला मी दाराआडून ऐकते.

गेल्या महिन्यात पंच्याहत्तरीच्या सगुणाबाई आल्या, नात कृतिकाला घेऊन.

“मॅडम, माझी मोठी भन होती, मालन. त्या जुन्या शालंत होती. नाव हाय का बघा ना,” त्या इथल्या मुख्याध्यापिका भावना मॅडमना म्हणाल्या.

कृतिका हळूच म्हणाली, “आजी हल्ली सारखं हेच बोलते. पप्पा म्हणतात, तिला बहीण नव्हतीच, भास होतात. घरात एक फोटोपण नाहीये.”

“आता तर मलाच कलत नाय, होती का नव्हती,” सगुणाबाई म्हणाल्या.

मॅडमनी मला उघडलं. एकमेकींना चिकटलेली पानं सोडवत त्यांचं बोट खाली सरकू लागलं. मला पान ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

बोट थांबलं. “मालन भिवा केणे. इयत्ता दुसरी. शाळा सोडल्याचं कारण...” मॅडम अडखळल्या. “मयत.”

एकोणीसशे चोपन्न साली हा शब्द लिहिताना गुरुजींचा टाक थबकला होता. तिथे शाईचा डाग आहे. सगुणाबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“मॅडम, एकदा तिची हजेरी घ्या ना.”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “मालन भिवा केणे!”

“हजर,” सगुणाबाई म्हणाल्या.

कृतिकाने तिथूनच फोन लावला. “पप्पा, होती. आजीला बहीण होती.”

त्या गेल्या. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं. माझ्यात अजून कितीतरी नावं आहेत, त्यांना विचारत कुणी येत नाही. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एखादं नाव पुन्हा पुन्हा घेत असेल, तर त्याला भास म्हणण्याआधी एकदा इकडे या. पानं जीर्ण झालीत, जरा हळू उलटा.